खंडेनवमीला आणलेलं इलिप्टिकल

नवरात्र बसलं की मोशीत दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक झेंडूचे, चौकाचौकात, टेम्पोच्या फाळक्यावर. दुसरे मोबाइलवर, सवलतींचे. सकाळी डोळे पुरते उघडायच्या आत कोणीतरी आपल्याला मिक्सर, गादी, टीव्ही विकायला उभं असतं, आणि अलीकडे घरबसल्या तंदुरुस्तीसुद्धा. जाहिरातीतली बाई इलिप्टिकलवर चालत असते. दोन पायपाट्या, दोन हलते दांडे, ती जागच्या जागी पावलं टाकत असते आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. तिच्या मागे काचेची भिंत, भिंतीपलीकडे झाडं. तिला घाम येत नाही. तिला कुठे पोचायचं नसतं, त्यामुळे उशीरही होत नाही. मला त्या बाईचा राग येतो. दर वर्षी वाटतं यंदा येणार नाही, आणि येतोच.

ऑक्टोबरचं ऊन आमच्या भागात वेगळंच लागतं. पावसाने धुतलेले पत्रे पुन्हा तापायला लागतात, रस्त्यावरचा चिखल वाळून त्याची पांढरी धूळ होते आणि डंपर ती दिवसभर हवेत ठेवतात. त्या धुळीत झेंडूचा कडवट वास मिसळला की माझ्यासाठी दसरा आला. त्या वासाला आणखी एक वास चिकटलेला आहे, मशीनच्या तेलाचा. खंडेनवमीला कंपनीत काम लवकर थांबायचं, मशीन धुऊन पुसून हार घातले जायचे आणि कामगारांच्या घरच्यांना त्या एका दिवशी आत सोडायचे. लहानपणी मी एकदा गेले होते. पप्पांचं प्रेस मशीन, पत्रा दाबून भाग काढायचं, आमच्या तेव्हाच्या दापोडीच्या खोलीहून उंच होतं. त्याच्या गळ्यात, म्हणजे जिथे त्याचा गळा असावा असं मला वाटलं तिथे, झेंडूचा जाड हार होता. पप्पा शेजारी उभे होते, घरातल्या वडीलधाऱ्याबरोबर फोटो काढताना माणूस उभा राहतो तसे.

आम्ही बौद्ध. घरी खंडेनवमी नाही, दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायचं. पण कंपनीत सगळे आपापल्या मशीनपुढे हात जोडत, तेव्हा पप्पा हातात सुती चिंध्यांचा बोळा घेऊन मशीन पुसत राहायचे, अगदी खालच्या बोल्टपर्यंत. "आपल्याला पूजा करायची नाही," ते मला म्हणाले, "पण पुसायला काय हरकत आहे?" मला आठवतं ते मात्र मशीन नाही. मशीनसमोरच्या जमिनीला पिवळा रंग दिला होता आणि त्या रंगात दोन ठिकाणी सिमेंट उघडं पडलं होतं, दोन पावलांएवढं. मी तिथे उभी राहून पाहिलं. माझे पाय त्यात दोनदा मावले असते. त्या दिवशी मशीनला हार होता, फोर्कलिफ्टला हार होता, विजेच्या पेटीलासुद्धा होता. त्या दोन पावलांच्या जागी पेढ्याच्या खोक्याचं झाकण पडलं होतं.

मोशीत यायच्या आधी, दापोडीत, आमच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. पप्पा युनियनचं काम करायचे आणि पत्रकं तेच लिहायचे. गुलाबी, पिवळा, हिरवट असा स्वस्तातला कागद, हाताला लागणारी शाई. मी वाचायला त्यांच्यावर शिकले. मला 'अननस' नीट लिहिता यायच्या आधी 'व्यवस्थापन' वाचता यायचं. प्रत्येक पत्रक 'कामगार बंधूंनो' असं सुरू व्हायचं. आई स्वतः ठेक्यावर पॅकिंगला जायची, ती दर वेळी विचारायची, "आणि बहिणी कुठं गेल्या? चहा ठेवायला?" पप्पा म्हणायचे, पुढच्या पत्रकात घालतो. पुढच्या पत्रकातही बंधूच असायचे. असल्या घरात वाढलेल्या मुलीला व्यायामाचं मशीन निवडायची वेळ आली तर ती ते साधेपणाने करू शकत नाही. तिला प्रत्येक वस्तूच्या मागे ती कोणी बनवली, कोणाला विकली आणि कोणाचं काय झिजलं, हे दिसत राहतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पप्पांचा उजवा गुडघा बसला. तसा तो आधीपासून जातच होता. त्यांनी सुरुवात केली तेव्हा प्रेस पायाच्या पॅडलने चालायचा, उजव्या पायाच्या. पुढे दोन हातांची बटणं आली, पण उभं राहणं तेच राहिलं, सिमेंटवर, पूर्ण पाळी. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला आणि दोन हाडांमधली जागा दाखवली. जागा नव्हतीच. "वयोमानानुसार झीज," ते म्हणाले. पप्पांनी मान डोलावली. मी विचारलं, "डाव्या गुडघ्याचं वय वेगळं आहे का?" पप्पांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

कंपनीने रजा दिली आणि दिवाळीनंतर कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणीला यायला सांगितलं. त्या तपासणीवर आमचं सगळं अडकलं होतं. डॉक्टरांनी 'अनफिट' लिहिलं तर पप्पांनी राजीनामा देऊन घरी बसायचं. 'फिट' लिहिलं तर परत प्रेसवर, त्याच दोन पावलांवर. या दोघांच्या मधे एक जागा होती, 'फिट' आणि खाली 'हलकं काम'. तसं लिहून आलं तर तयार भाग तपासायच्या टेबलापाशी एक स्टूल रिकामं होतं. मॅनेजरने तोंडी सांगितलं होतं, "सुधाकर, डॉक्टरांनी लिहून दिलं तर बसवतो तुला." एका स्टुलासाठी आम्ही तिघंही ते नवरात्र जगत होतो. माणसाने आयुष्यभर उभं राहून काम केल्यावर त्याला काय मिळावं, याची आमची सगळी मागणी आक्रसून एका बिनपाठीच्या स्टुलाएवढी झाली होती.

फिजिओथेरपीवाली मुलगी चांगली होती. ती म्हणाली, "काका, चाला. पण सपाट, मऊ जमिनीवर." मोशीत सपाट आणि मऊ जमीन कुठे आहे हे तिने सांगितलं नाही. आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर पाऊल ठेवलं की खडी, मग उघडं चेंबर, मग टँकरच्या रांगेतून सांडलेलं पाणी. पदपथ नकाशात असावा. मोठ्या सोसायट्यांच्या आत फरशीच्या सुंदर वाटा आहेत, पण त्यांच्या फाटकावर पहारेकरी विचारतो, कुठल्या फ्लॅटला जायचंय. नदीकाठी जावं तर इंद्रायणीवर फेस. या गावात शेतांच्या बांधांवरून माणसं नुसती चालायची म्हणे. आमच्या खालच्या मजल्यावर शेळके काका राहतात, मोशीचेच, जुन्या गावातले, पप्पांच्याच कंपनीत. ते आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून सांगतात, "वहिनी, ह्या तुमच्या वट्याखाली माजा हरभरा व्हता." त्या हरभऱ्याच्या बांधावर पप्पा चालू शकले असते. आता तिथे चालायचं तर मशीन विकत आणायला हवं होतं. ट्रेडमिल नको, ती दणके देते. सायकल नको, गुडघा फार मुडपतो. "इलिप्टिकल चालेल," ती मुलगी म्हणाली. "थोडाच वेळ. दुखायच्या आधी उतरायचं."

मग मी निवडायला बसले. मी परीक्षेला एवढा अभ्यास केला नव्हता. मला अजूनही ओळखीतलं कोणी विचारतं, कुठलं घेऊ, आणि मी नीट सांगते, कारण राग येतो म्हणून कोणाला चुकीचं मशीन घ्यायला लावणं बरोबर नाही. स्वस्त मशीनचं पाऊल आखूड असतं. उंच माणूस त्यावर चढला की प्रत्येक फेरीला त्याचा गुडघा जिना चढल्यासारखा वर येतो, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच बिघडतं. तेव्हा पाऊल लांब पडतंय का ते आधी पाहायचं. आतलं फिरतं चाक जड असलं तर चाल गुळगुळीत राहते, हलकं असलं तर प्रत्येक फेरीत एक बारीक अडखळ येते आणि ती सांध्यातच जाऊन बसते. ताण चुंबकाने देणारं घ्यावं, पट्टा घासून देणारं घेऊ नये, तो झिजतो आणि कुरकुरतो, खालच्या मजल्यावरची माणसंही कुरकुरतात. माणसाचं किती वजन पेलेल असं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यापेक्षा मशीनचं स्वतःचं वजन विचारावं. हलकं मशीन जोर लागला की डुलतं. घरातला पंखा कुठे आहे ते पाहावं, कारण पायपाट्यांवर उभा राहिलेला माणूस वीतभर उंच होतो. सुटे भाग गावात मिळतात का ते विचारावं. आणि आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर पैसे घालू नयेत. तो जितका साधा तितका बरा, असं मी आता सांगते.

लोकांची मतंही वाचली. पैसा वसूल, असं जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं होतं. मला तो शब्द खुपत राहिला. वस्तूतून पैसा वसूल झाला की आपण खूश होतो आणि तिच्याकडून अजून थोडं काढता येईल का ते पाहतो. मग वॉरंटीचा कागद वाचला. सांगाड्याला पुष्कळ वर्षं, सुट्या भागांना कमी, मजुरी वेगळी, फक्त घरगुती वापरासाठी. प्रेसच्या शेजारी असाच एक कागद टांगलेला असायचा, कधी तेल बदलायचं, कधी बेअरिंग पाहायचं. पप्पा तो अभिमानाने दाखवायचे. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा आरोग्य शिबिर असायचं, त्यात रक्तदाब मोजून एक केळं देत.

इक्बालभाईंचं दुकान चिखलीच्या रस्त्याला आहे. पुढे नवी मशीन, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बंद पडलेल्या जिमची. ते पूर्वी कंपन्यांच्या मोटारी दुरुस्त करायचे, नंतर यात पडले. आम्ही तिघं रिक्षातून उतरलो तेव्हा ते एका सायकलवर उलटे बसून चहा पीत होते.

"कोणाला पाहिजे?" त्यांनी आधी माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं.

"मला," पप्पा म्हणाले.

"बरं झालं. बायकोसाठी घेणारे नवरे आले की मी आधीच सांगतो, माझा नंबर जपून ठेवा. मशीन नवी मीच विकतो आणि जुनी मीच उचलतो. मधल्या काळात लोक थोडे हलतात, त्यावर माझा धंदा."

आई हसली. त्यांनी दोनतीन मशीन दाखवली. सगळ्यात चकचकीत होतं त्याचं पाऊल आखूड होतं, ते मी बोलले तर त्यांनी तोंड वाकडं करून मान्य केलं. "बरोबर आहे बेटा, ही फोटोसाठी चांगली." मग कोपऱ्यातलं एक दाखवलं. मागच्या वर्षीचं मॉडेल, दुकानात मांडून ठेवलेलं, खोकं हरवलेलं, म्हणून किंमत उतरलेली, वॉरंटी मात्र पूर्ण. जड होतं, पाऊल लांब होतं, आवाज पंख्याएवढा. आमच्या ऐपतीत त्याहून चांगलं मिळालं नसतं, हे मी आजही म्हणेन. त्याच्यावर पडदाही मोठा होता, लाल आकड्यांचा. फुकटात आला होता.

पप्पा चढले. आईने त्यांच्या चपला हातात घेतल्या. त्यांनी पहिली पावलं टाकली तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं. किती तरी दिवसांनी त्यांचे दोन्ही पाय सारख्या चालीने हलत होते. मी गुडघ्याकडे पाहत होते. ते आकड्यांकडे पाहत होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग उतरा आता."

"थांब, आकडा गोल होऊ दे, शेवटी शून्य येऊ दे."

तो गोल झाला, पुढच्या गोलाकडे निघाला. इक्बालभाईंनी कप खाली ठेवला. "काका, उतरा राव. घ्यायच्या आधीच जुनी करताय."

मशीन खंडेनवमीला घरी आलं. टेम्पोच्या काचेवर झेंडूचा हार होता, हमालांच्या कपाळाला कुंकू. दोन जिने चढवताना त्यांनी आमच्या भिंतीचा पोपडा काढला, कोपऱ्यात ते उभं केलं आणि त्यातला मोठा म्हणाला, "काका, नारळ नाही का? आज मशीनचा दिवस."

"पुसलं की झालं," पप्पा म्हणाले आणि जुनी बनियन घेऊन खरंच पुसायला बसले. उजवा पाय लांब करून, जमिनीवर, बोल्टपर्यंत. आईने शेजारणीने दिलेल्या हारातला एक तुकडा दांड्याला अडकवला. पप्पांनी पाहिलं तर म्हणाली, "शोभेला. कंपनीतल्याला घालताना बघत होता की तुम्ही."

दुसऱ्या दिवशी विहारात गेलो. पांढऱ्या कपड्यांची गर्दी, मेणबत्त्यांचा वास, पोरांच्या हातात निळ्या झेंड्या. सगळे सतरंजीवर बसले. पप्पांना बसता येईना. कोणीतरी लगबगीने प्लास्टिकची खुर्ची आणून भिंतीला लावली, जिथे म्हातारी माणसं बसतात तिथे. पप्पा बसले. सगळी वंदना होईपर्यंत ते समोर पाहत होते, आणि मला माहीत होतं की ते काहीही ऐकत नाहीयेत.

दसऱ्यानंतर आमच्या घरात पहिली पाळी सुरू झाली.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. पप्पा पहिल्या पाळीला निघायच्या वेळी उठायचे. दाढी करायचे, अंघोळ, नाश्ता. जुना कंपनीचा शर्ट घालायचे, घाम टिपायला बरा म्हणून. मग मशीनवर चढायचे. कंपनीत चहा यायचा त्या वेळी उतरायचे, उभ्यानेच चहा घ्यायचे आणि पुन्हा चढायचे. पहिले काही दिवस त्या मुलीने सांगितलं तेवढंच केलं. मग म्हणाले, काल एवढे झाले, आज कमी कसे चालतील? पडदा रोजचा आकडा दाखवायचा आणि ते तो आकडा मोडायचे. त्यांना व्यायाम हा प्रकार माहीतच नव्हता. माहीत होतं ते उत्पादन. समोर आकडा फिरत असताना थांबायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि दुखणं म्हणजे थांबायची खूण असते असं तर कंपनीत म्हणण्याची सोयही नव्हती.

नाही, शिकवलं होतं. त्यांनीच इतरांना शिकवलं होतं. एका दुपारी आई भाजी निवडत बसली होती आणि मशीनची घरघर चालू होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमचं ते एक पत्रक होतं. काम मोजायला घड्याळवाला साहेब मागं येऊन उभा राहिला की हात आवरा. आज जास्त काढून दाखवलं तर उद्या तेवढंच मागतील."

"ते कंपनीसाठी होतं," पप्पा म्हणाले.

"मग हे कोणासाठी चाललंय?"

घरघर थोडी मंदावली. मग पुन्हा होती तशी झाली.

शेजारी कौतुक करायचे. काकांची जिद्द बघा. मला तो शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. आपल्याकडे माणसाला पुरतं पिळून काढलं की उरलेल्या चोथ्याला जिद्द म्हणतात, त्याचा फोटो छापतात, मुलांना दाखवतात. पिळणाऱ्याचं नाव त्या बातमीत कधी नसतं. पप्पांना भीती वाटत होती, एवढं साधं होतं ते. राजीनाम्याची, भिंतीजवळच्या खुर्चीची भीती. संध्याकाळी गुडघा सुजायचा, तेव्हा ते दार लोटून टॉवेलात बर्फ घालून बसायचे आणि मी आत गेले की टॉवेल पोटावर घ्यायचे. फिजिओथेरपीवाली मुलगी एकदा रागावली, "काका, हे औषध आहे, जेवण नाही." ते हसून हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आकडा मोडला.

दिवाळीच्या आत मशीन कुरकुरायला लागलं. मशीनच्या कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने पडद्याची दोन बटणं एकदम दाबली आणि एकूण किती चाललंय तो आकडा पाहिला. मग आमच्या खोलीभर नजर फिरवली. "जिम आहे का इथं?"

"नाही," मी म्हणाले. "हे घर आहे."

"मॅडम, एवढा वापर घरगुती नसतो. वॉरंटीत बसत नाही." त्याचा आवाज उद्धट नव्हता. तोही ठेक्यावर असावा, घाईत होता. "बेअरिंग गेलंय. लोखंडाचं झालं तरी त्याला दम खाऊ द्यावा लागतो."

पप्पा सोफ्यावर बसून ऐकत होते. शेवटी इक्बालभाईंनी मागच्या शेडमधल्या एका जुन्या मशीनचं बेअरिंग काढून बसवलं. लोखंडाच्या बाबतीत ते जमतं.

तपासणीच्या दिवशी मी पप्पांना स्कूटरवरून चाकणच्या बाजूला कंपनीच्या गेटवर सोडलं. मला आत सोडलं नाही, तो खंडेनवमीचा दिवस नव्हता. समोरच्या चहाच्या टपरीवर मी बसून राहिले. कंटेनर जात होते, त्यांच्या वाऱ्याने टपरीचा कागद फडफडत होता. पप्पा बाहेर आले तेव्हा सरळ चालत आले. अजिबात लंगडले नाहीत. मला दुरूनच कळलं.

कागदावर 'फिट' असा शिक्का होता. खाली हलक्या कामाची ओळ होती, ती कोरी होती.

पहिली पाळी सुटली तशी शेळके काका गेटातून धावत आले. त्यांनी कागद वाचला, उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला. "खाली काय न्हाई लिवलं?"

"नाही."

"तू केलंस काय आत जाऊन?"

"डॉक्टर म्हणाले, खाली बसा, उठा. बसलो, उठलो."

"येकदा?"

पप्पांनी कागदासाठी हात पुढे केला.

"सुधाकर, येकदा का?"

"डॉक्टर कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत होते. थांबा म्हणाले नाहीत."

शेळके काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "आरं राव, तो लिवत व्हता तर तू बैठका मारीत बसलास व्हय? जरा कण्हायचं, टेबलाला हात लावायचा, उठाया येळ लावायचा. यवढं तरी. आख्ख्या युनियनला अक्कल शिकवलीस तू, आन् सोताचं स्टूल घालवलंस." चहावाल्याने तीन कप पुढे केले. काकांनी स्वतःचा कप पप्पांच्या हातात दिला, आणि मग त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "मला सांगायचं. मी लंगडून दावलं आसतं तुज्याजागी."

मी त्या संध्याकाळी अर्ज लिहायला बसले. असले कागद मला येतात, मी त्यांच्यावरच वाढलेय. गुडघ्याचा फोटो होता, फिजिओथेरपीचे कागद होते, पुन्हा तपासणी मागता आली असती. चार ओळी झाल्यावर पप्पांनी माझ्यासमोरचा कागद उचलला.

"फिट माणसानं हलकं काम मागितलं," ते म्हणाले, "तर उद्या खरोखर मोडलेला कोणी आला, त्याला कोण देईल?"

"तुम्ही मोडलेले नाही का?"

"कागदावर नाही."

मी खूप भांडले. तो कागदच खोटा आहे, असं ओरडून सांगितलं. पण वाईट याचं वाटतं की ज्या तत्त्वावर ते उभे होते ते मला चुकीचं म्हणता येत नव्हतं. ते तत्त्व मी खाटेखालूनच उचललेलं होतं. खोटा आजार दाखवणाऱ्यांमुळे खऱ्या आजाऱ्यांचे हाल होतात, हे ते कायम म्हणत आले. असा प्रामाणिकपणा व्यवस्थापनाच्या फार सोयीचा असतो. त्यांना तो विकत घ्यावा लागत नाही, आणि त्याची देखभालही कामगार स्वतःच्या घरी, स्वतःच्या खर्चाने करतो. आम्ही तर त्यासाठी मशीनसुद्धा निवडून आणलं होतं. लांब पावलाचं, जड चाकाचं, उत्तम मशीन. पप्पांचा गुडघा दुरुस्त करून आम्ही तो कंपनीला परत दिला.

ते स्टूल एका ठेक्यावरच्या मुलीला मिळालं. पुढे ते टेबलच काढलं. आता तयार भाग कॅमेरा तपासतो. कॅमेऱ्याला बसायला लागत नाही.

यंदाही नवरात्र बसलंय. खालच्या चौकात टेम्पो लागलाय आणि झेंडूवर पाणी मारणं चाललंय. माझ्या मोबाइलवर ती बाई काचेच्या भिंतीपुढे चालतेय. पप्पा आता घरच्या मशीनवर चढत नाहीत. पाळीवरून आले की सोफ्यावर पाय लांब करून बसतात आणि आई तेल घेऊन येते. निवृत्तीला किती राहिलं हे आमच्या घरात कोणी विचारत नाही.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी कधी कधी त्यांच्याबरोबर खाली बसपर्यंत जाते. डबा माझ्या हातात असतो, तेवढंच त्यांचं ओझं कमी. कंपनीच्या बसची पहिली पायरी उंच आहे. पप्पा डबा घेतात, डावा पाय आधी वर ठेवतात, दांडी धरतात आणि उजव्या पायासकट सगळं अंग वर ओढून घेतात. शेळके काका त्यांच्या आधी चढलेले असतात. ते दारातच वळून हात पुढे करतात, रोज करतात. पप्पा तो हात घेत नाहीत, कारण दारामागच्या पहिल्या सीटवर सुपरवायझर बसलेला असतो, आणि कोणाचा हात धरून चढणारा माणूस फिट नसतो. शेळके काकांचा हात क्षणभर तसाच राहतो. मग ते तो वर नेऊन छताचा दांडा धरतात, जसं काही त्यांना तेच करायचं होतं, आणि बस सुटते.